इंजिन उघडण्याआधी इंजिनाच्या बाहेर पाहा

प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडी चार सिलिंडरची, 2.8 लिटरची कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल देणारी) डिझेल फोर-बाय-फोर. 1 लाख 80 हजार किलोमीटर झालेत. सकाळी गार असताना बराच वेळ सेल्फ मारावा लागतो. चढावर काळा धूर सोडते आणि पूर्वीसारखी ओढत नाही. लो रेंजमध्ये (जास्त ओढीच्या हळू गिअरमध्ये) चिखलातून हळू चालवली की तापमान चढतं. गॅरेजमधून सल्ला मिळालाय, चारही इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग) बदला, नाहीतर इंजिनाचं काम निघेल. हे बरोबर आहे का, आणि पुढे देखभाल कशी ठेवावी?

आत्ता लगेच इंजेक्टर बदलू नका. ते खराब नाहीतच असं मी म्हणत नाही, पण तुम्ही सांगितलेल्या तीन तक्रारींची तीन वेगळी कारणं असू शकतात आणि त्यातली निम्मी कारणं इंजिनाच्या बाहेर बसलेली असतात. 25 वर्षांहून जास्त काळ मी या गाड्या खोलतो आहे. "इंजिन गेलं" म्हणून टोचन करून आणलेल्या कितीतरी गाड्या फाटलेल्या पाइपवर, गळक्या फिल्टरवर किंवा चिखलाने लिंपलेल्या रेडिएटरवर परत चालत्या झाल्यात. डिझेल इंजिनाला मोजक्या गोष्टी लागतात: स्वच्छ हवा, स्वच्छ डिझेल, चांगलं कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा नीट दाबली जाणं) आणि उष्णता वाहून नेण्याची सोय. फोर-बाय-फोरचं आयुष्य धूळ, पाणी, चिखल आणि तिरक्या उतारांवर जातं, म्हणून या गोष्टी तिथे आधी बिघडतात.

काळ्या धुरापासून सुरुवात करू, कारण तिथेच सगळ्यात जास्त पैसा वाया जातो. काळा धूर म्हणजे डिझेल भरपूर आणि हवा कमी. डिझेल जास्त झालं असेल तर दोष इंजेक्टरकडे जातो. पण टर्बोच्या, म्हणजे इंजिनात दाबून हवा भरणाऱ्या पंख्याच्या, गाडीत बहुतेक वेळा हवाच कमी पडलेली असते. टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत (ती हवा गार करणारी जाळी) आणि तिथून इनटेकपर्यंत (हवा इंजिनात शिरण्याची वाट) जाणारे रबरी होज खालच्या बाजूने, जिथे डोळा पोचत नाही, तिथे चिरतात. गाडी उभी असताना ती चीर मिटलेली असते. चढावर दाब वाढला की उघडते आणि मोजलेली हवा बाहेर निसटते. ओळखायचं कसं? होजवर तेलकट ओल आणि तिला चिकटलेली धूळ दिसली की तिथे बोट फिरवा. चढावर शिट्टीसारखा किंवा फुस्स असा आवाज वाढला असेल तर आणखी खात्री. क्लिप सैल असेल तरी हेच होतं. चांगल्या गॅरेजमध्ये इनटेकमध्ये कमी दाबाचा धूर सोडून गळती शोधतात. ते यंत्र नसेल तर हलका दाब भरून साबणाचं पाणी लावलं तरी फुगे येतात.

होज ठीक असेल तर टर्बोच्या अ‍ॅक्च्युएटरकडे वळा. टर्बोचा दाब कमी-जास्त करणारा हा भाग व्हॅक्यूमवर चालणारा असेल तर त्याची पेन्सिलीपेक्षा बारीक नळी उष्णतेने तडकते, आणि एवढ्याशा नळीपायी टर्बो बदललेले मी पाहिलेत. व्हेरिएबल टर्बोच्या आतल्या पट्ट्या काजळीने अडकतात. अशा वेळी गाडी कधी ओढते, कधी एकदम मरगळते, आणि इंजिन बंद करून परत चालू केलं की थोडा वेळ शहाण्यासारखी वागते. हे वागणं दिसलं तर दोष इंजेक्टरचा नसण्याची शक्यता मोठी.

मग ईजीआर. जळलेला धूर परत इनटेकमध्ये आणणारी ही व्यवस्था, आणि त्याच वाटेवर क्रँककेसमधली (इंजिनाच्या खालच्या पेटीतली) तेलाची वाफही येते. काजळी आणि तेल मिळून डांबरासारखा थर बसतो. दोन बोटं जातील अशा वाटेत एक बोट जेमतेम जाईल इतका जाड थर मी खरवडलाय. दाबाच्या सेन्सरचं तोंडही याच थराने बुजतं आणि मग ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, हवेचा चुकीचा आकडा मिळतो. पुष्कळ जण ईजीआरला पत्रा मारून बंद करतात. मी तसं करत नाही. साफ केलेला ईजीआर पुढची काही वर्षं नीट चालतो, आणि बंद केल्याने बाहेर पडणारा विषारी वायू वाढतो तो आपल्याच माणसांच्या श्वासात जातो.

ओढ कमी वाटण्याची एक वेगळीच शक्यता तपासून घ्या. कोरड्या डांबरी रस्त्यावर पार्ट-टाइम (फक्त गरजेला लावायची) फोर व्हील चुकून लागलेली राहिली किंवा सुटताना अडकली, तर पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडतात आणि ड्रायव्हरला इंजिन दमल्यासारखं वाटतं. ब्रेक चिकटला असेल तरी तेच. दहा-पंधरा मिनिटं चालवून चारही चाकांच्या रिमजवळ हात न्या. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा खूप तापलं असेल तर उत्तर तिथे आहे. कंपनीच्या मापापेक्षा मोठे टायर घातले असतील तर गिअरिंगच उंचावतं, म्हणजे प्रत्येक चढावर इंजिनाला जास्त घाम गाळावा लागतो.

आता सकाळचा सेल्फ. इथे एक प्रश्न मी सगळ्यांना विचारतो: गार असताना त्रास देते की गरम असताना? दोन्हींची घराणी वेगळी आहेत. डिझेलला स्पार्क प्लग नसतो. हवा साधारण 16 ते 18 पट दाबली जाते आणि त्या दाबाच्या उष्णतेने डिझेल पेटतं. गार इंजिनात ही उष्णता भिंतींमध्ये निघून जाते, म्हणून हीटर प्लग लागतात. फक्त गार असतानाच त्रास असेल तर आधी बॅटरी, मग हीटर प्लग, मग डिझेलमधली हवा, आणि शेवटी कॉम्प्रेशन, हाच क्रम ठेवा. सेल्फ मारताना बॅटरीचा व्होल्टेज 10 च्या खाली जात असेल तर आधी बॅटरी आणि अर्थिंगच्या तारा पाहा. हळू फिरणाऱ्या इंजिनात हवा पुरेशी तापत नाही आणि रेलमध्ये दाबही उभा राहत नाही. हीटर प्लग तपासायला मल्टिमीटर पुरतो. धड प्लगचा रोध साधारण 1 ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी येतो, मेलेल्याचा मीटर काहीच दाखवत नाही. काढताना मात्र इंजिन कोमट हवं आणि हात हलका हवा, कारण प्लग हेडमध्ये तुटला तर छोट्या कामाचं मोठं काम होतं.

रात्रभर उभी राहिल्यावर डिझेल टाकीकडे उतरून जागी हवा येणं, हे तर फारच नेहमीचं. फिल्टरच्या रबरी रिंगमधून, हँड प्रायमरच्या व्हॉल्व्हमधून किंवा जुन्या झालेल्या पाइपच्या जोडातून हवा शिरते. बाहेर डिझेलचा थेंबही दिसत नाही, कारण इंजिन चालू असताना तिथे दाब नसतो, ओढ असते. टाकीत इलेक्ट्रिक पंप नसलेल्या गाडीत फिल्टरनंतर पारदर्शक नळीचा तुकडा जोडला की फुगे डोळ्यांना दिसतात. घरच्या घरी चाचणी हवी असेल तर सकाळी सेल्फ मारण्याआधी हँड प्रायमर कडक होईपर्यंत दाबा. तसं केल्यावर गाडी पटकन लागली, तर हवाच शिरतेय.

गरम असताना सेल्फ लांबत असेल तर मात्र मी इंजेक्टरकडे संशयाने पाहतो. कॉमन रेलमध्ये आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) साधारण 250 ते 400 बार दाब असतो आणि पूर्ण लोडला 1600 बार किंवा त्याहून पुष्कळ वर. झिजलेला इंजेक्टर डिझेल सिलिंडरऐवजी परतीच्या नळीतून टाकीकडे सोडतो. गरम, पातळ झालेलं डिझेल आणखी सहज निसटतं. रेलमध्ये दाब उभा राहत नाही आणि ईसीयू इंजेक्शनला परवानगीच देत नाही. याची परीक्षा अगदी साधी आहे: चारही इंजेक्टरच्या परतीच्या नळ्या वेगवेगळ्या मोजपात्रांत सोडायच्या आणि इंजिन काही मिनिटं चालवायचं. चारही सारखं भरत असतील तर सगळे सारखे आहेत. एकात बाकीच्यांच्या दुप्पट-तिप्पट आलं तर तो एक दोषी आहे. ही परीक्षा न करता चारही बदला म्हणणं मला पटत नाही. तुमच्या मिस्त्रींना नम्रपणे विचारा, परतीचं माप घेतलं का?

या कामात एक धोका आहे. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाड्यांमध्ये इंजिन चालू ठेवून इंजेक्टरचा नट सैल करायची, मिसिंग (कोणता सिलिंडर नीट पेटत नाही ते) शोधायची सवय होती. कॉमन रेलमध्ये ते कधीही करू नका. एवढ्या दाबाची डिझेलची धार दिसतही नाही आणि कातडीतून आत शिरते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, पण आतल्या पेशी मरू लागतात आणि लगेच शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट किंवा हात जाऊ शकतो. कोणाला असं झालं तर दुखत नाही म्हणून थांबू नका, सरळ रुग्णालय गाठा आणि डॉक्टरांना उच्च दाबाचं डिझेल शिरलंय हे स्पष्ट सांगा.

इंजेक्टर बदलावाच लागला तर त्याचा कोड ईसीयूत भरून घ्या आणि खालचा तांब्याचा वॉशर नवाच घाला. जुना वॉशर चेपलेला असतो. तो गळला की ज्वलनाचा वायू वर येतो, चुक-चुक असा आवाज येतो, भोवती काळा टणक थर जमतो. ज्या इंजिनांत इंजेक्टरचा हा भाग व्हॉल्व्ह कव्हरच्या आत असतो तिथे काजळी थेट ऑइलमध्ये उतरते. टोयोटाच्या 1केडी-एफटीव्ही या 3.0 लिटर इंजिनाचा हा प्रसिद्ध दुखरा भाग. काजळीने ऑइल पंपाची जाळी बुजली की बेअरिंगला तेल मिळत नाही. एका छोट्या वॉशरवरून इंजिन जाम होतं ते असं. तसंच, इंजेक्टर टकटक वाजायला लागला तर त्याच्याकडे काणाडोळा करू नका. थेंब थेंब गळणारा इंजेक्टर पिस्टनच्या डोक्याला भोक पाडू शकतो.

तिसरी तक्रार, लो रेंजमध्ये तापणं. मला तुमच्या तिन्हींपैकी हीच सगळ्यात गंभीर वाटते. हायवेवर गाडी तापत नाही आणि हळू चालवताना तापते, याचा अर्थ रेडिएटरमधून वारा जात नाहीये. समोरून पाहिलं तर जाळी स्वच्छ दिसते. खरा चिखल एसीचा कंडेन्सर, इंटरकूलर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत वाळून विटेसारखा झालेला असतो. तो समोरून जोरदार पाण्याने धुतला तर आणखी आत ठासतो आणि पत्र्याच्या बारीक पाकळ्या वाकतात. भिजवून, इंजिनाच्या बाजूकडून बाहेर, कमी दाबाने धुवा. गरज पडली तर रेडिएटर सोडवून. मग पंखा इंजिनाला जोडणारं व्हिस्कस कपलिंग. इंजिन चांगलं गरम करून बंद करा आणि पंखा हाताने फिरवून पाहा. तो सुळकन फिरत राहिला तर कपलिंग गेलं. धड कपलिंग हाताला अडवतं.

डॅशबोर्डवरच्या काट्यावर विसंबू नका. बऱ्याच गाड्यांत तो काटा मुद्दाम मध्यावर थोपवून ठेवलेला असतो. आतलं पाणी 80 असो की 100, काटा हलत नाही आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. ओबीडीला, म्हणजे गाडीच्या तपासणीच्या सॉकेटला, लावायचा छोटा रीडर घ्या आणि खरा आकडा पाहत चालवा. 85 ते 95 अंश नेहमीचं. 105 च्या वर जाऊ लागला तर थांबा, इंजिन लगेच बंद न करता न्यूट्रलमध्ये थोडा वेळ चालू ठेवा, आणि रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. मात्र पाणी सांडून गेलं असेल किंवा आकडा उतरायचं नाव घेत नसेल तर इंजिन ताबडतोब बंद.

कूलंट कमी होतंय पण गळती दिसत नाही, हे मात्र इंजिनाच्या आतलं दुखणं असू शकतं. गार इंजिन चालू करून एक-दोन मिनिटांतच वरचा होज दगडासारखा कडक झाला, कूलंटच्या टाकीत फुगे आले, तर हेड गॅसकेट गेलेलं किंवा हेडला (सिलिंडरवरच्या झाकणाला) तडा. पण तिथेही थांबा. ईजीआर कूलर आतून फुटला तरी कूलंट असंच गायब होतं आणि पांढरा धूर येतो. हेड काढण्याआधी ईजीआर कूलर हवेचा दाब देऊन तपासा.

आता देखभाल. फोर-बाय-फोरचं वय किलोमीटरमध्ये मोजणं चुकीचं आहे, ते तासांत मोजा. 10 हजार किलोमीटरला ऑइल बदला असं पुस्तकात लिहिलं असेल आणि सरासरी वेग 50 धरला, तर ते झाले 200 तास. तुम्ही लो रेंजमध्ये ताशी 15 किलोमीटरने चालवता तेव्हा हेच 200 तास 3 हजार किलोमीटरमध्ये संपतात. ऑइलला मीटर दिसत नाही, त्याला तास आणि उष्णता कळते. म्हणून अशी गाडी वापरणाऱ्याने 5 हजारांवर ऑइल आणि फिल्टर बदलावा, असं माझं मत आहे. डिझेलचं ऑइल बदलल्यावर लगेच काळं होतं, त्याने घाबरू नका. पातळी वाढली तर मात्र घाबरा. ऑइल आपोआप वाढत नसतं, त्यात डिझेल किंवा पाणी मिसळलेलं असतं.

डीपीएफ, म्हणजे एग्झॉस्टमधला काजळी अडवणारा फिल्टर, असलेल्या गाडीत हे नेहमी घडतं. फिल्टरमधली काजळी जाळायला एग्झॉस्ट सुमारे 600 अंशांपर्यंत तापवावा लागतो आणि त्यासाठी जादा डिझेल सोडलं जातं. छोट्या फेऱ्या आणि रांगत चालवणं यात ते काम अर्धवट राहतं, न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं आणि पातळ ऑइल बेअरिंग खातं. आठवड्यातून एकदा तरी सलग अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर पळवा. आयडल थोडा वर आहे, पंखा जोरात चाललाय, जळका वास येतोय, तर रिजनरेशन, म्हणजे ही काजळी जाळणं, चालू आहे. त्यावेळी इंजिन बंद करू नका आणि वाळक्या गवतावर गाडी उभी करू नका. गवत पेटून गाड्या जळाल्या आहेत. आणि डीपीएफच्या गाडीला कमी राखेचं ऑइलच लागतं. राख जळत नाही, ती कायमची साठते.

एअर फिल्टरबद्दल लोकांचा गैरसमज फार. तो सारखा काढून हवेच्या पाइपने झटकतात. जोरदार हवेने कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात आणि दर वेळी काढताना थोडी धूळ स्वच्छ बाजूला सांडते. त्यापेक्षा एक सवय लावा. फिल्टर बदलताना त्याच्या पुढच्या, इंजिनाकडे जाणाऱ्या पाइपमध्ये पांढरं कापड फिरवा. कापडावर मातकट पट्टा आला तर धूळ इंजिनात जातेय, आणि ती रिंगा आणि बोअर सँडपेपरसारखी घासते. मग ऑइल खाणं, निळा धूर आणि कॉम्प्रेशन उतरणं, हे ओघाने येतं. बाहेरून बसवलेल्या स्नॉर्केलचे (उंचावरून हवा घेणाऱ्या पाइपचे) जोड तर हमखास तपासा, मला पुष्कळदा ते कोरड्या रबरावर नुसते टेकवलेले सापडतात.

डिझेल फिल्टरखालचा पाण्याचा स्क्रू दर महिन्याला सोडून पाहा. उच्च दाबाच्या पंपाला वंगण डिझेलचंच मिळतं, पाण्याने ते वंगण तुटतं. पंप आतून खरवडला की धातूचा कीस रेल आणि सगळ्या इंजेक्टरपर्यंत जातो, आणि मग खरोखरच सगळं बदलावं लागतं. फिल्टरच्या तळाला चमचमणारा कीस दिसला तर गाडी चालवायचं थांबवा.

टायमिंग बेल्ट असेल तर किलोमीटरइतकीच वर्षंही मोजा, आणि चिखलात चालवत असाल तर मुदतीआधी बदला, सोबत टेन्शनर आणि वॉटर पंपही. डिझेलमध्ये व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्यात जागा जवळजवळ नसतेच. बेल्ट तुटला की ते एकमेकांवर आदळतात.

शेवटी पाणी. 2.8 लिटर चार सिलिंडर म्हणजे एका सिलिंडरला 700 घनसेंटीमीटर. 16 पट दाबायचं तर पिस्टन वर असताना उरते ती जागा 45 ते 50 घनसेंटीमीटर. अर्धा छोटा पेला पाणी आत गेलं की ती जागा भरली, आणि पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात इंजिन बंद पडलं तर सेल्फ मारू नका. एकदाही नाही. गाडी ओढून बाहेर काढा, हीटर प्लग किंवा इंजेक्टर सोडवून इंजिन हाताने फिरवा, इंटरकूलरमधलं पाणी उपसा, ऑइल बदला. एका माणसाने पाण्यातच परत सेल्फ मारला, गाडी चालूही झाली, तो खूश झाला. काही आठवड्यांनी किंचित वाकलेला रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला, तेव्हा गाडी माझ्याकडे आली. ते इंजिन वाचवता आलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

पाण्यातून आलात की डिफरन्शियल आणि ट्रान्सफर केसचं (चाकांकडे ताकद वाटणाऱ्या पेट्यांचं) तेलही पाहा. तापलेला चेंबर गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर (चेंबरमध्ये हवा ये-जा करायची नळी) बुजलेला असेल तर सीलमधून पाणी आत खेचलं जातं. तेल दुधाळ दिसलं तर त्याच आठवड्यात बदला.

तुमच्या गाडीसाठी माझा क्रम असा राहील. आधी रेडिएटरच्या मधल्या फटी आणि पंखा, कारण तापणं थांबेपर्यंत गाडी लो रेंजमध्ये नेऊच नये. मग इनटेकचे होज, व्हॅक्यूमची नळी आणि ईजीआर. त्यानंतर बॅटरी, हीटर प्लग आणि प्रायमरची सकाळची चाचणी. हे झाल्यावर परतीचं माप. चारातला एकच वेगळा निघाला तर तोच काढून चाचणी बेंचवर पाठवा. चारही सारखेच जास्त सोडत असतील तर तुमचे मिस्त्री म्हणतात ते खरं, चारही बदला. आणि एक गोष्ट आजच करा: गाडी सपाट जागी रात्रभर उभी ठेवून सकाळी डिपस्टिक काढा. ऑइल वरच्या खुणेच्या वर असेल आणि त्याला डिझेलचा वास येत असेल, तर ते बदलल्याशिवाय चढावर जाऊ नका.